संकरित ऑर्किडचं लेबल वाचायचं कसं?

समजा, लाल फुलांचं एक छोटं कॅटलिया तुम्ही विकत आणलं. कुंडीत खोचलेल्या पट्टीवर रोमन अक्षरांत लिहिलंय, “एसएलसी. ज्युएल बॉक्स ‘शेहेरेजादे’ एएम/एओएस”. काही महिन्यांनी दुसऱ्या नर्सरीत हुबेहूब तसंच फूल दिसतं, पण तिथल्या पट्टीवर “सीटीटी. ज्युएल बॉक्स” आहे. तिसऱ्या विक्रेत्यानं नुसतं “रेड मिनी” लिहून ठेवलंय. नवख्या माणसाला वाटतं, ही तीन वेगळी झाडं असावीत, नाहीतर कुणीतरी आपल्याला फसवतंय. पहिल्या दोन पट्ट्या एकाच संकराच्या आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. तिसऱ्या पट्टीवर नावच नाही, नुसतं वर्णन आहे.

गोंधळ होतो तो लेबलकडे एकसंध नाव म्हणून पाहिल्यामुळे. खरं तर पट्टीवर चार वेगवेगळ्या नोंदी एकापुढे एक लिहिलेल्या असतात, आणि त्या चार वेगवेगळ्या माणसांनी केलेल्या असतात. सुरुवातीची अक्षरं म्हणजे वनस्पतिशास्त्रज्ञांनी ठरवलेली प्रजाती. त्यानंतरचं ज्युएल बॉक्स हे संकराची नोंदणी करणाऱ्यानं दिलेलं नाव. याला ग्रेक्स म्हणतात. अवतरण चिन्हांतलं ‘शेहेरेजादे’ हे नाव त्या एका विशिष्ट झाडाच्या मालकानं ठेवलेलं, म्हणजे वाण. शेवटची अक्षरं परीक्षकांनी दिलेल्या पारितोषिकाची. चारही तुकडे सुटे करून वाचायची सवय लागली की निम्मं कोडं तिथेच सुटतं. या चारांपैकी वारंवार बदलतो तो फक्त पहिला तुकडा.

आधी मधल्या तुकड्याकडे पाहू, कारण लेबलचा कणा तो आहे. माणसानं केलेला पहिला ऑर्किड संकर 1856 साली इंग्लंडमध्ये फुलला. एक्झिटरच्या व्हीच यांच्या नर्सरीतल्या जॉन डॉमिनी या माळ्यानं कॅलँथेच्या दोन जातींचा संकर केला होता. परागकण एका फुलावरून दुसऱ्यावर कसे न्यायचे हे त्याला जॉन हॅरिस या शल्यचिकित्सकानं सुचवलं होतं. त्या संकराला डॉमिनीचंच नाव मिळालं, कॅलँथे डॉमिनाय. पुढे संकरांची रीघ लागली. कुणी कशावर काय टाकलं याची टिपणं जो तो आपापल्या वहीत ठेवू लागला. सेंट ऑल्बन्सच्या फ्रेडरिक सँडर यांनी या सगळ्याची एकत्र यादी करायला घेतली आणि 1906 मध्ये तिचं पहिलं पुस्तक निघालं. 1961 पासून ही नोंदवही लंडनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी सांभाळते. आज तिच्यात एक लाखाहून जास्त संकर आहेत. जगात कुठेही नवा ऑर्किड संकर केला तर त्याचं नाव याच वहीत चढवावं लागतं. इतर कुठल्याही फुलझाडाची वंशावळ इतकी मागपर्यंत, इतकी नेटानं लिहून ठेवलेली मला माहीत नाही. म्हणूनच हातातल्या पट्टीवर दोन शब्द शाबूत असले, तरी त्या धाग्यानं शंभर-सव्वाशे वर्षं मागे जाता येतं.

ग्रेक्सचा नियम साधा आहे. एकाच दोन पालकांपासून झालेली सगळी संतती, मग ती कुणी, कधी, कुठेही वाढवलेली असो, एकाच ग्रेक्सची. आज थायलंडमध्ये कुणी त्याच दोन पालकांची वेगळी, जास्त चांगली झाडं निवडून पुन्हा संकर केला, तरी त्या रोपांचं नाव ज्युएल बॉक्सच राहील. बी कुणी धरलं आणि पराग कुणाचा यानंही नाव बदलत नाही. लेबलवर बी धरणारी आई आधी आणि पराग देणारा बाप नंतर लिहायची रीत आहे. क्रम उलटा झाला तरी ग्रेक्स तोच.

मग एका ग्रेक्सची सगळी रोपं एकसारखी फुलतात का? नाही, आणि खरेदीतली सर्वांत मोठी निराशा इथूनच येते. कोकणातल्या वाचकांना हे आंब्यावरून चटकन कळेल. हापूसची कोय रुजवली तर येणारं झाड हापूसच्या पोटचं असतं, पण हापूस नसतं. हापूस हवा तर कलमच बांधावं लागतं. ग्रेक्स म्हणजे कोयीपासून आलेली सगळी झाडं, आणि वाण म्हणजे त्यातलं एक झाड निवडून त्याची केलेली कलमं. कॅटलियातलं हेझल बॉइड हे ज्युएल बॉक्सचं अपत्य. त्याच्या भावंडांत पिवळं, जर्दाळू रंगाचं, नारिंगी, लाल अशी सगळी फुलं आढळतात. फोटोतलं नारिंगी हेझल बॉइड पाहून तुम्ही बियांपासून वाढवलेलं रोप घेतलंत आणि तीन वर्षांनी ते लालसर फुललं, तर विक्रेता खोटं बोललेला नाही. त्यानं ग्रेक्स खरा सांगितला होता, वाण सांगितलाच नव्हता.

त्यामुळे एकेरी अवतरण चिन्हांकडे बारकाईनं पाहायला हवं. त्यांच्या आत जे असेल तो वाण. ते एकच एक झाड आणि त्याच्यापासून फुटवे काढून किंवा ऊतिसंवर्धनानं केलेली त्याची प्रतिरूपं. फ्रान्सच्या जॉर्ज मोरेल यांनी 1960 साली सिंबिडियमवर ऊतिसंवर्धनाची वाट दाखवली. त्याआधी वाण वाढवायचा तर गड्डा कापून वाटण्याखेरीज मार्गच नव्हता, आणि एखाद्या नामांकित झाडाच्या एका तुकड्याला डोळे पांढरे व्हावेत अशी किंमत पडे. आज तोच वाण प्रयोगशाळेतून हजारोंनी येतो आणि शेदोनशे रुपयांनाही मिळतो. ज्युएल बॉक्सचे ‘शेहेरेजादे’ आणि ‘डार्क वॉटर्स’ असे दोन वाण बाजारात दिसतात. ग्रेक्स एक, झाडं दोन. एक हवं असताना दुसरं आणलं तर लाल फूल मिळेल, पण अपेक्षेतलं फूल तेच असेल असं नाही.

इथे एक खाचखळगा आहे. लेबलवर वाणाचं नाव आहे आणि पुढे फुली देऊन ‘सेल्फ’ किंवा ‘सिब’ लिहिलंय, असं पुष्कळदा दिसतं. उदाहरणार्थ, “कॅटलिया वॉकेरियाना ‘फेइतिसेइरा’ × सेल्फ”. ही ‘फेइतिसेइरा’ नव्हे. त्या प्रसिद्ध झाडाला त्याचाच पराग लावून आलेल्या बियांची ही रोपं आहेत. सिब म्हणजे भावंडाचा पराग. रोपं सुंदर निघू शकतात, कधी आईपेक्षाही सरस. पण आईचं नाव मुलीला लावता येत नाही. वाणाच्या किमतीत असं रोप कुणी देत असेल तर घेऊ नका.

अवतरण चिन्हांची आणखी एक गफलत नावातच लपलेली असते. व्हँडातलं रॉबर्ट्स डिलाइट रोमन लिपीत लिहिताना त्यात षष्ठीची खूण, म्हणजे वर टांगलेला स्वल्पविराम येतो. तो नावाचाच भाग आहे, वाणाची खूण नव्हे. रॉबर्ट्स डिलाइट हा पूर्ण ग्रेक्स आहे आणि त्यात निळ्या-जांभळ्यापासून गडद गुलाबीपर्यंत झाडं आहेत.

अक्षरं मोठी की लहान, हेही पाहा. रोमन लिपीत निसर्गातल्या जातीचं नाव लहान अक्षरानं सुरू होतं, ग्रेक्सचं मोठ्या. आपल्याकडच्या पुष्कळ नर्सऱ्या सगळं लेबल मोठ्या अक्षरांत छापतात आणि ही खूण पुसून टाकतात, याचं मला फार वाईट वाटतं. एवढी स्वस्त, एवढी उपयोगी माहिती फुकट जाते. जुने ग्रेक्स तर लॅटिन वळणाचे असल्यानं अधिकच चकवतात. व्हँडा रॉथशिल्डियाना ऐकलं की रानातली जात वाटते. प्रत्यक्षात ती खासी टेकड्यांतली निळी व्हँडा सेरुलिया आणि फिलिपिन्समधली व्हँडा सँडेरियाना यांचा संकर, 1931 मध्ये नोंदवलेला. सँडेरियाना हे नाव मात्र जातीचं, आणि ते यादीवाल्या सँडर यांच्यावरूनच पडलंय. आता नव्या संकरांना असं लॅटिन रूप देता येत नाही, त्यामुळे हा चकवा जुन्या नावांपुरताच उरला आहे.

नावाच्या मध्येच सुटी फुली असेल तर तिचा अर्थ वेगळा. फॅलिनॉप्सिस × इंटरमिडिया असं लिहिलेलं असेल तर तो रानात आपोआप झालेला संकर. फिलिपिन्समध्ये फॅलिनॉप्सिस ॲफ्रोडायटी आणि फॅलिनॉप्सिस इक्वेस्ट्रिस शेजारी शेजारी वाढतात. कीटकांनी त्यांचा संकर घडवला. पुढे व्हीचच्याच नर्सरीत जॉन सेडन यांनी मुद्दाम तोच संकर केला, तो 1886 मध्ये फुलला आणि रानातल्या झाडाच्या जन्माचं कोडं उलगडलं.

पारितोषिकाची अक्षरं पटकन वाचून टाकता येतात. तिरप्या रेषेनंतर संस्था असते, आधी पारितोषिक. एओएस म्हणजे अमेरिकन ऑर्किड सोसायटी. तिथे फुलाला शंभरपैकी गुण देतात: 75 ते 79 ला एचसीसी, 80 ते 89 ला एएम, 90 आणि वर एफसीसी. आरएचएस म्हणजे रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी. तिथे गुणांऐवजी समितीचं मत घेतात. फुलांचं पारितोषिक झाडाचं असतं, म्हणून ते वाणाच्या नावाला चिकटून त्याच्या प्रतिरूपांबरोबर फिरतं. सीसीएम मात्र उत्तम जोपासनेबद्दल माळ्याला मिळतं; झाडाच्या किमतीवर त्याचा परिणाम होऊ देऊ नका. वाणाचं नाव नसताना नुसतं ‘एएम/एओएस’ लिहिलं असेल तर ते पालकांपैकी एखाद्याचं असणार. ते रोप स्वतः काही जिंकलेलं नाही.

आता राहिला पहिला तुकडा, जो सगळ्यांना छळतो.

ज्युएल बॉक्सचे पालक दोन: कॅटलिया ऑरांटियाका आणि आन्झॅक नावाचा जुना संकर. आन्झॅकमध्ये सोफ्रोनायटिस, लेलिया आणि कॅटलिया अशा तीन प्रजातींचं रक्त होतं, म्हणून ज्युएल बॉक्स झाला सोफ्रोलेलियोकॅटलिया, म्हणजेच एसएलसी. पुढे डीएनए तपासून वनस्पतींची नाती नव्यानं मांडली जाऊ लागली. 2000 साली ब्राझीलमधल्या लेलिया सोफ्रोनायटिसमध्ये गेल्या. 2003 मध्ये कॅटलिया ऑरांटियाका ग्वारियँथी या नव्या प्रजातीत हलवली गेली. 2008 मध्ये सोफ्रोनायटिसच अख्खी कॅटलियात मिसळली. हिशेब करा: एसएलसीमधले एस, एल आणि सी तिन्ही आता कॅटलिया, ऑरांटियाका ग्वारियँथी. कॅटलिया अधिक ग्वारियँथी म्हणजे कॅटलियँथी, सीटीटी. झाड तेच, पान तेच, फूल तेच.

हीच गोष्ट मिनी पर्पल या छोट्या जांभळ्या संकरात अधिक स्वच्छ दिसते. कॅटलिया वॉकेरियाना आणि लेलिया पुमिला हे त्याचे पालक. लेलिया होती तेव्हा लेबलवर एलसी. मधल्या काळात पुमिला सोफ्रोनायटिस झाली तेव्हा एससी. आता ती कॅटलियाच आहे, म्हणून नुसतं सी. तिन्ही प्रकारच्या पट्ट्या आजही विकायच्या कुंड्यांत दिसतात. पट्टी कुठली यावरून रोप किंवा निदान त्याचं कागदी नाव किती जुन्या साठ्यातलं आहे याचा अंदाज येतो.

बीएलसीचंही तसंच. ओठाला झालर असलेली मोठी कॅटलिया आपण बीएलसी या नावानं ओळखतो. त्यातला बी म्हणजे ब्रॅसाव्होला डिग्बियाना. झालर आणि रात्रीचा सुगंध तिच्याकडूनच आलेला. शास्त्रज्ञांनी तिला 1918 मध्येच रिंकोलेलियात नेलं होतं, पण बागायतदारांच्या नोंदवहीनं कित्येक वर्षं जुनंच नाव चालू ठेवलं. आता वहीनंही नवं नाव घेतलंय, म्हणून बीएलसीची आरएलसी झाली. डॉरिटिनॉप्सिस आता फॅलिनॉप्सिस. व्हल्स्टेकेअरा आता ऑन्सिडॉप्सिस.

आपल्या किनाऱ्यावरच्या हवेत ज्या ऑर्किडी खरोखर रमतात, त्यांच्या नावांतही हीच उलथापालथ झाली. ॲस्कोसेंट्रम ही बुटकी, झळझळीत रंगांची प्रजाती व्हँडात विलीन झाली, म्हणून ॲस्कोसेंडा आता नुसती व्हँडा. सिंगापूरच्या सी. वाय. मॉक यांच्या नावावरून मोकारा हे नाव आलं. ॲरॅक्निस, ॲस्कोसेंट्रम आणि व्हँडा अशा तीन प्रजाती त्यात होत्या. तीनातल्या दोन एक झाल्या, म्हणून नोंदवहीत मोकारा चार्क क्वान आता अरांडा चार्क क्वान आहे. फुलबाजारात मात्र ती मोकाराच राहील. व्यापारी मंडळी जुनं नाव सोडायला तयार नसतात आणि त्यांचंही बरोबर आहे; गिऱ्हाईक मोकाराच मागतं. ‘आरा’नं संपणारं नाव दिसलं की एवढं समजावं, की नाव दिलं तेव्हा त्यात निदान तीन प्रजाती होत्या आणि ते कुणा माणसाच्या सन्मानार्थ दिलेलं आहे.

सह्याद्रीतली आपली सीतेची वेणीही या गणितात आहे. तिची प्रजाती रिंकोस्टायलिस. रिंकोस्टायलिस आणि व्हँडा यांच्या संकरांवर पूर्वी रिंकोव्हँडा लिहीत, आता व्हँडाकोस्टायलिस लिहितात. आणि सिंगापूरचं राष्ट्रीय फूल घ्या. ॲग्नेस जोकिम यांच्या बागेतलं ते फूल 1893 मध्ये व्हँडा मिस जोकिम या नावानं जगापुढे आलं, 1981 मध्ये त्याला राष्ट्रीय फुलाचा मान मिळाला, आणि आज नोंदवहीत ते पॅपिलिओनँथी मिस जोकिम आहे. राष्ट्रीय फुलाचं नाव बदलू शकतं, तर आपल्या गच्चीतल्या कुंडीचं बदललं म्हणून घाबरून जायचं कारण नाही. मिस जोकिम हा ग्रेक्स मात्र जागचा हलला नाही.

आता माझं ठाम मत सांगते. नवं नाव कळलं म्हणून जुनी पट्टी फेकू नका. नवं नाव नातं बरोबर सांगतं, जुनं नाव झाडाचा स्वभाव सांगतं. लेबलवर एसएलसी असेल तर तो एस तुम्हाला बजावत असतो, की या झाडात सोफ्रोनायटिस आहे, म्हणजे ब्राझीलच्या डोंगरउतारांवरचं, गारव्याची आणि दमट हवेची सवय असलेलं रक्त आहे; मे महिन्यात भिंतीच्या झळेत याला ठेवू नका. नव्या लेबलवर नुसतं कॅटलिया वाचून हे कळणार नाही. व्हल्स्टेकेअराचंही तेच. व्हल्स्टेकेअरा कॅम्ब्रिया 1931 मध्ये नोंदवला गेला; त्याच्या पालकांपैकी एकाचं नाव चक्क रुद्रा आहे. त्याचा ‘प्लश’ हा वाण इतका गाजला, की युरोपातल्या दुकानांत त्या गटातल्या वाटेल त्या संकराला कॅम्ब्रिया म्हणू लागले. आपल्याकडे येणाऱ्या पट्ट्यांवर नुसतं कॅम्ब्रिया असतं त्याचं कारण हे. जुन्या नावांत ओडोंटोग्लॉसम, कॉक्लिओडा किंवा त्यांचे संक्षेप दिसले, तर ही अँडीज पर्वतातल्या थंड हवेतली मंडळी आहेत हे ओळखावं. महाबळेश्वरात ती कदाचित सुखानं राहतील. मुंबई-ठाण्याच्या उकाड्यात पहिल्या उन्हाळ्यातच मान टाकतात. उलट ऑन्सिडियम शॅरी बेबी ‘स्वीट फ्रॅग्रन्स’, चॉकलेटसारख्या वासाची, आपल्या उकाड्यालाही धीरानं तोंड देते. व्हँडाच्या वंशात सँडेरियाना आणि ॲस्कोसेंट्रम जास्त असेल तर कोकणातला घामट उन्हाळा तिला आवडतो. सेरुलिया जास्त असेल तर तिला हिवाळ्यातला रात्रीचा गारवा हवा असतो. हे सगळं विक्रेता सांगत नाही. पट्टी सांगते, तिला विचारायला मात्र हवं.

ज्या लेबलवर नावच नाही, नुसते कंस आणि फुल्या आहेत, तेही वाचता येतं. शाळेतल्या बीजगणितासारखे कंस आतून बाहेर सोडवायचे. “(अ × ब) × क” म्हणजे अ आणि ब यांच्या संकरावर क चा पराग. असं लेबल असण्याची कारणं दोन: संकर अजून नोंदवलेला नाही, किंवा नोंदवलेला आहे आणि रोपं वाढवणाऱ्यानं तपासलं नाही. दुसरं कारण वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा खरं निघतं. “व्हँडा (कासेम्स डिलाइट × मादाम रत्तना)” असं लिहिलेलं रोप हाती आलं, तर ते दुसरं तिसरं काही नसून रॉबर्ट्स डिलाइट आहे. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीची नोंदवही इंटरनेटवर सर्वांना खुली आहे आणि तिच्यात नावावरूनही शोधता येतं, पालकांवरूनही. पालकांवरून शोधताना दोन्ही क्रम टाकून पाहा. नावावरून शोधताना जुन्या प्रजातीनं सापडलं नाही तर ग्रेक्सच्या नावावर भर द्या. प्रजातीचं आजचं नाव नोंदवही स्वतःच दाखवेल. स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर इकडेतिकडे असतंच. थायलंड किंवा तैवानहून आलेल्या पट्टीवरचं नाव कुणीतरी ऐकून लिहिलेलं असतं, ते आपल्याकडे पुन्हा कुणीतरी उतरवून काढतं.

बाकीच्या छोट्या खुणा: 4एन म्हणजे गुणसूत्रांचे संच दुप्पट, त्यामुळे सहसा जाड पाकळ्या आणि भरदार फुलं. अल्बा म्हणजे रंगद्रव्य नसलेलं, सेमी-अल्बा म्हणजे पाकळ्या पांढऱ्या पण ओठ रंगीत, सेरुलिया म्हणजे निळसर. मेरिक्लोन लिहिलं असेल तर ऊतिसंवर्धनाचं रोप. बीएस म्हणजे फुलण्याच्या वयाचं, एनएफएस म्हणजे त्याच्या जवळ आलेलं; या दोन अक्षरांवर विक्रेत्याशी जरूर वाद घाला, कारण बीएस म्हणून विकलेली रोपं पुष्कळदा दोन वर्षं फुलत नाहीत. मेरिक्लोन असूनही क्वचित एखादं रोप वेगळं फुलतं, ऊतिसंवर्धनात असे बदल होतात. त्यात कुणाची लबाडी नसते.

बाजारी नावांपासून मात्र सावध राहा. डेनफाल हे डेन्ड्रोबियम आणि फॅलिनॉप्सिस यांचं मिश्रण नव्हे. उत्तर ऑस्ट्रेलिया आणि तिमोरकडच्या एका डेन्ड्रोबियमला फुलांच्या साम्यामुळे फॅलिनॉप्सिस असं जातीचं नाव पडलं, त्याच्या संकरांना व्यापारात डेनफाल म्हणतात. लग्नाच्या मांडवात आणि हॉटेलांत दिसणारी जांभळी-पांढरी सोनिया याच घराण्यातली. सोनिया-17, सोनिया-28 मधले आकडे वेगवेगळ्या प्रतिरूपांचे. शेतीसाठी रोपं घेताना तो आकडा लिहून घ्या आणि सगळी रोपं एकाच आकड्याची आहेत ना ते पाहा, नाहीतर एकाच शेडमध्ये फुलांचा रंग आणि दांड्याची लांबी जुळणार नाही. गडद शाईसारखं निळं फॅलिनॉप्सिस कुठल्याही सुंदर नावानं विकलं जात असलं तरी ते रंग घालून निळं केलेलं आहे. पुढचा दांडा पांढरा येईल.

लेबलचा एक कायदेशीर पैलूही आहे. निळी व्हँडा म्हणजे रानातली व्हँडा सेरुलिया, लाल व्हँडा म्हणजे रेनँथेरा इम्शूटियाना, आणि पॅफिओपेडिलमच्या जाती यांना आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. नर्सरीत वाढवलेला संकर आणि रानातून ओरबाडलेलं झाड यांतला फरक कागदावर सिद्ध करायचा तर ग्रेक्सचं नाव आणि पावती हाताशी हवी. सह्याद्रीच्या घाटवाटांवर फांदीसकट तोडलेली, पट्टी नसलेली झाडं विकायला बसलेली माणसं दिसतात. ती झाडं घेऊ नका. त्यांपैकी बहुतेक वर्षभरात मरतात आणि रानातली जागा कायमची रिकामी होते.

पट्टी हरवलेलं झाड घरी असेल तर? फूल पाहून नाव ठेवू नका. हजारो फॅलिनॉप्सिस एकसारख्या दिसतात, आणि तुम्ही अंदाजानं लिहिलेलं नाव पुढे फुटव्याबरोबर दुसऱ्याच्या घरी जाऊन खरं होऊन बसतं. एकदा असं झालं की ते निस्तरता येत नाही. नाव माहीत नसेल तर तसंच लिहा आणि पुढे जे नक्की ठाऊक आहे ते जोडा: पांढरं, ओठ गुलाबी, कुठून आणलं, कोणत्या साली. असं झाड फुलतं तेवढंच छान. फक्त त्यापासून संकर करून नोंदवता येणार नाही.

आणि स्वतःची पट्टी लिहिताना मार्कर वापरू नका. पक्का म्हणून विकला जाणारा मार्करही आपल्या उन्हात फिकट होत जातो. पावसाळा संपेपर्यंत पट्टी कोरी होते. मऊ शिसपेन्सिलीनं प्लास्टिकच्या पट्टीवर लिहिलेलं वर्षानुवर्षं टिकतं. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर बॉलपेननं दाबून कोरलं तर शाई गेली तरी अक्षर राहतं. एका बाजूला नर्सरीनं दिलेलं नाव अक्षरन् अक्षर तसंच, चुकांसकट; दुसऱ्या बाजूला आजचं नाव, विकत घेतल्याची तारीख आणि विक्रेता. उन्हानं प्लास्टिक ठिसूळ होऊन वरचा भाग तुटतो, म्हणून तीच नोंद लिहिलेली दुसरी पट्टी कोळसा-विटांच्या तुकड्यांत खोल खुपसून ठेवा. टोपलीतल्या व्हँडाची पट्टी तारेनं टोपलीला बांधा, मुळांना नव्हे. गड्डा कापून दोन कुंड्या करणार असाल तर कापायच्या आधी दुसरी पट्टी लिहून तयार ठेवा, कारण पट्ट्या हरवतात त्या बहुतेक वेळा कुंडी बदलतानाच.